विहिरीत दोर सोडायचा नाही

आमच्या फकिराभाऊजींना एका जागी बसवत नाही. जेवायला बसले तरी एक गुडघा वर, उठायची तयारी. माझी बहीण चंपा भाकर वाढून चुलीकडे वळते तोवर हा माणूस ताट हातात घेऊन दारात उभा. मी चंपाचा थोरला भाऊ, जानराव. कारखान्यात फिटर आहे. भाऊजींची थट्टा करायचा मला नात्यानंच हक्क आहे, रागवायचाही आहे, आणि त्यांच्या त्या विहिरीपायी मी दोन्हींत हात आखडता घेतला नाही.

आम्ही भंडाऱ्याकडचे. नागपूरला दीक्षा घेतली आणि पुढच्याच वर्षी भिलाईची वाट धरली. तेव्हा इथं कारखाना नव्हता, खड्डे होते. एकेक खड्डा असा की आमचं अख्खं गाव त्यात उतरलं असतं. भट्ट्यांचे पाये त्यातूनच वर यायचे होते, आणि चारी बाजूंनी पाणी पाझरत राहायचं. ते उपसायला ठेकेदाराचे डिझेलचे पंप होते. त्यातल्या एका पंपावर फकिराभाऊजी खलाशी, म्हणजे पंप चालवणारे. खाली माणसं सळ्या बांधताहेत, वर पंप थांबला तर बघता बघता त्यांच्या पोटऱ्या बुडणार. त्यामुळे भाऊजींचा कान कायम इंजिनाकडे. बोलता बोलता आवाज जरा बदलला की वाक्य अर्धं टाकून धावायचे. ती धाव त्यांच्या पायात राहूनच गेली. खड्ड्याचा तळ कोरडा दिसला की तेवढ्यापुरता हा माणूस हसायचा. मुकादमही पाठ थोपटायचा तळ पाहूनच.

पण सगळा दोष पंपाला देऊन चालणार नाही. ही घालमेल आधीची होती, त्यांच्या मायपासूनची.

गावात आमच्या लोकांना विहिरीला हात लावता येत नव्हता, हे मी नव्यानं सांगायला नको. भाऊजींची माय, भीमाबाई, घागर जमिनीवर ठेवून चौथऱ्याखाली उभी राहायची. कुणाच्या मनात आलं तर तो वरून पाणी ओतायचा, नाही आलं तर ही दुपारपर्यंत उभी. उभं राहायची तिची एक तऱ्हाच होऊन बसली होती. डोक्यावरून पदर ओढलेला, नजर घागरीच्या काठावर, एक पाऊल मागं. भिलाईतल्या खुर्सीपार वस्तीत आलो, तिथं नळ होता, रांगेत कोण कुठला हे कुणी विचारत नव्हतं. तरी भीमाबाई सगळ्यांत शेवटी. मागून कुणी बाई आली की ही मुकाट्यानं सरकून तिला जागा करून द्यायची. भाऊजी हे पाहायचे आणि चवताळायचे.

"माय, पुढं हो ना! कावून मांगं सरकून राहिली?"

"जाऊ दे बाबू. त्याईले घाई असन."

"अन् तुले नाई का घाई?"

ती घागर आणखी मागं ओढायची. भाऊजी पायानं एखादा खडा उडवायचे आणि सायकल काढून कुठंतरी निघून जायचे. परत आले की चंपापाशी एकच पालुपद असायचं. मायच्या स्वतःच्या मालकीची विहीर पाहिजे, तिच्या हातात दोर पाहिजे, तिला कुणी थांब म्हणणारं नको.

खड्डे भरले, भट्ट्या उभ्या राहिल्या. भाऊजींना कारखान्याच्या पंपहाउसात कायम नोकरी लागली. मला वाटलं, आता हा माणूस टेकेल. तर यांनी ओव्हरटाइमचा सगळा पैसा घालून खुर्सीपारच्या पलीकडे अडीच एकर जमीन घेतली. निम्मी मटासी, म्हणजे धानाची पिवळी माती, आणि निम्मा भाठा, ज्यात खड्यांशिवाय काही पिकत नाही. मी तडकलो.

"भाऊजी, बाबासाहेबांनी खेडं सोडा म्हटलं. तुम्ही शहर सोडून खेड्यात चालले का?"

"मी कुठं सोडून राहिलो? नोकरी हाये ना. शेतातल्या विहिरीनं पोट भराचं नाई मले. पर ते आपल्या पायावर उभी राहिली पाहिजे. नोकरीच्या जिवावर ठेवली त थे हौस झाली जानराव, विहीर नाई झाली."

हे मात्र मला पटलं. विहिरीनं स्वतःचा खर्च स्वतः काढायचा, ही त्यांची अट होती, आणि ती त्यांनी स्वतःवरच घातलेली होती.

विहीर आम्ही शिफ्ट सुटल्यावर खणली. शेजारचा शेतकरी बिसाहू मदतीला आला. तो सतनामी. त्याच्या लोकांनाही गावच्या विहिरीनं असंच दूर ठेवलेलं, म्हणून आमचं फार बोलावं न लागता जमलं. पाणी लागलं त्या दिवशी भाऊजींनी भीमाबाईला सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणलं. तिनं दोर हातात घेतला, बादली सोडली, ओढली. वर आलेल्या पाण्यात गाळच जास्त होता. तिनं तो ओंजळीत घेतला, पाहिला आणि लहान मुलीसारखी हसत सुटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी घाम पुसल्यासारखं करून पुसलं.

तिथंच थांबायचं होतं. बिसाहूकडे टेडा होता. लांब बांबूच्या एका टोकाला दगड बांधलेला, दुसऱ्याला बादली. खाली ओढा, पाणी वर. फिरवायला दोन हात पुरतात, डिझेल लागत नाही. तसाच एक आपण लावू, असं मी म्हणत होतो. पण तेवढ्यात ठेकेदारानं काम संपवून जुनं सामान लिलावात काढलं, आणि भाऊजींनी त्यात काय घ्यावं? आपलाच पंप. ज्याच्यापाशी इतकी वर्षं काढली, तोच. प्रेमात पडलेल्या माणसाला काय सांगणार! चंपानं आपल्या पाटल्या काढून दिल्या. मी डोक्याला हात लावला.

पंप बसवला, बिसाहू आपल्या घरच्यांना घेऊन पाहायला आला. भाऊजींनी हँडल मारलं. डिलिव्हरी पाइपातून मांडीएवढी धार आली, सगळे ओरडले. वांग्याचा पहिला वाफा अर्धा भिजतो न भिजतो तोच पाइप घरघरायला लागला, मग नुसती हवा. विहिरीचा तळ उघडा पडला होता. आणि भाऊजी! सवयीप्रमाणे वाकून त्या कोरड्या तळाकडे पाहत हसले. मग काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं.

"तोर पंप ह कुआं ला पी डारिस, भइया!" बिसाहू म्हणाला. तुझ्या पंपानंच विहीर पिऊन टाकली, असं. पुढं महिनाभर त्याच्या घरात हाच विनोद चालला.

खड्डा कोरडा करायला बनवलेलं यंत्र विहिरीवर आणून ठेवायचं, हे आमच्या या खलाशालाच सुचू शकतं. मी शिव्या घालत घालत लहान व्यासाचा पाइप जोडून दिला, व्हॉल्व बसवून धार बारीक केली. भाऊजींनी विहीर आणखी खोल नेली, बाजूनं एक चांगला झरा लागला. पाणी पुरायला लागलं. आता दुसरंच दुखणं सुरू झालं. ते इंजिन वीस एकर भिजवणारं, आणि रान अडीच एकर, त्यातही निम्मा भाठा. थोडा वेळ चालायचं आणि बाकी दिवस ताडपत्रीखाली. पण चालो न चालो, पट्टा वाळतो, वायसर झिजतात, डिझेल लागायचं ते लागतंच. हिवाळ्यात टोमॅटो भरपूर आला, तर सगळ्यांचाच भरपूर आला होता. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरच्या बाजारात बाया नाक मुरडून निवडून घ्यायच्या. भाजीला भाव येतो तो उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यातच झऱ्याची ताकद जाते. चंपा डोक्यावरून टोपली नेऊन वांगी विकायची, आणि त्यातला मोठा घास इंजिन खायचं. शेजारी बिसाहूचा टेडा करकरत होता, त्याला कुणाला काही द्यावं लागत नव्हतं.

भाऊजींची झोप उडाली. ड्यूटीवरून आले की शेतात, शेतातून ड्यूटीवर. भाकर सायकलवर खायचे. मी म्हटलं, विका ते इंजिन. तर म्हणाले, "इंजिनाची चूक नाई. त्याले काम पुरून नाई राहिलं."

त्या साली नवरात्रात पाऊस गेला. धान पोटऱ्यात आलेलं, म्हणजे कणीस फुटायच्या बेतात, वावराला भेगा, आणि आभाळ कोरडं. बिसाहू दारात येऊन उभा राहिला. टेड्यानं धानाला पाणी देता येत नाही, तेवढं पाणी उपसायला माणसाचे खांदे पुरत नाहीत. भाऊजींनी पाट त्याच्या वावराकडे वळवला. मग त्याच्या शेजाऱ्याचा, मग पलीकडच्याचा. तासावर पाणी, पैसे नाही तर धान. विहीर तेव्हा भरलेली, इंजिन दिवसभर खणखणत होतं. एवढ्या लोकांचं पीक हाती लागलं, आणि वर्षात पहिल्यांदा इंजिनानं आपलं डिझेल आणि दुरुस्ती स्वतः काढून वर काही उरवलं. भाऊजी मला मिठी मारायला आले. त्यांच्या अंगाला डिझेलचा वास येत होता.

"पाह्यलं का जानराव? एकट्याच्या वावरावर नाई परवडत. समद्याईच्या वावरावर परवडते."

मला मानावं लागलं. माणूस चुकत चुकत बरोबर जागी पोचला होता. त्यांनी पुढचं ठरवून टाकलं. उन्हाळ्यात बिसाहू आणि इतर लोक वांगी, भेंडी लावतील, पाणी आपलं, विक्रीत आपला हिस्सा. हा एक उन्हाळा पार पडला की इंजिनाची किंमत निघून विहीर आपल्या पायावर उभी. चंपानंही पाटल्यांचं नाव काढलं नव्हतं, ते त्या दिवशी हसत हसत काढलं.

चैत्रापर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग पाणी खाली जायला लागलं. सकाळी थोडं उपसा, दुपारभर झऱ्याची वाट पाहा, पुन्हा थोडं उपसा. पाळ्या लागल्या, पाळ्यांवरून भांडणं लागली. भाऊजी, ज्यांना आयुष्यात कुणी थांब म्हटलेलं सोसत नव्हतं, ते आता दिवसभर लोकांना "थांबा" म्हणत फिरत होते. त्यात आसपासच्या लहान विहिरी आटल्या, आणि बाया पिण्याच्या पाण्याला आमच्या विहिरीवर यायला लागल्या. इंजिन चालू असेल तेव्हा पाटावर घागर भरता यायची. पण इंजिन भाऊजींच्या शिफ्टवर चालायचं, आणि तहान काही शिफ्ट पाहून लागत नाही. बाया आपापली बादली-दोर घेऊन विहिरीत सोडायच्या.

एक दिवस कुणाची तरी बादली पंपाच्या पाइपात अडकली. ओढाओढीत पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व निखळला. म्हणजे जो झडपेसारखा पाणी धरून ठेवतो तोच. पंप पाणी धरेना. मला सुटी मिळून मी तो नीट करेपर्यंत तीन जणांच्या पाळ्या बुडाल्या, ऐन फुलावर आलेली वांगी माना टाकून उभी राहिली. भाऊजी पिसाळल्यासारखे झाले. त्यांनी तिथल्या तिथं नियम केला. विहिरीत कुणी दोर सोडायचा नाही. चौथऱ्यावर कुणी चढायचं नाही, कारण पायाचा धक्का लागून पाइपाचा सांधा गळतो. चंपाला पाइप कुठं आहे ते माहीत आहे, ती मोकळ्या बाजूनं बादली सोडेल आणि सगळ्यांना पाणी देईल. बायांनी घागरी खाली ठेवून उभं राहायचं.

यात काय वाईट होतं? फिटर म्हणून मला विचाराल तर काहीच नव्हतं. मीसुद्धा असाच नियम केला असता. नियम पाइपासाठी होता. चंपा कुणाला कमी पाणी देत नव्हती की कुणाला वाकडं बोलत नव्हती. बायाही तक्रार न करता येऊन उभ्या राहायच्या. सगळं इतकं व्यवस्थित चाललं होतं की आमच्या कुणाच्या ध्यानात काही आलं नाही.

भीमाबाई तो उन्हाळा खुर्सीपारलाच होती, तिचे गुडघे धरलेले. पण विहिरीवरची एवढी वर्दळ कानावर आली की तिला राहवेना. एके सकाळी बिसाहूची गाडी बाजारात भेंडी टाकून परत निघाली, तिच्यात बसून ती आली. आपली पितळी घागर बरोबर आणली होती. आपल्या विहिरीचं पाणी घरी न्यायचं म्हणून. मी तेव्हा बंद इंजिनाचा पट्टा आवळत होतो, भाऊजी पाटाच्या तोंडाशी कुणावर तरी ओरडत होते.

ती गाडीतून उतरली आणि जागच्या जागी थांबली. चौथऱ्यावर चंपा बादली घेऊन उभी. खाली बायांची रांग, घागरी जमिनीवर. सगळ्यांत पुढं बिसाहूची म्हातारी माय, बुधियारीन. डोक्यावरून पदर ओढलेला, नजर घागरीच्या काठावर, एक पाऊल मागं. चंपा वरून पाणी ओतत होती.

भीमाबाईनं घागर कमरेवर घेतली. हळूहळू चालत रांगेच्या शेवटी गेली, घागर खाली ठेवली, पदर ओढून घेतला आणि एक पाऊल मागं सरून उभी राहिली.

चंपाच्या हातातली बादली तशीच राहिली. "आत्याबाई, तुमी वरती या ना!"

भीमाबाईनं मान हलवली. बुधियारीननं वळून पाहिलं, ओळखलं, आणि आपली घागर बाजूला करत म्हणाली, "पहिली तैं भर ले, बहिनी." तरी ही हलेना. तोवर भाऊजी धावत आले होते.

"माय! थ्या रांगेत कावून उभी राहिली? आपली विहीर हाये ना!"

"असन बाबू."

"असन काय? तुयी हाये! तुयासाठी खणली!"

भीमाबाईनं वर पाहिलं. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "विहीर कोनाची हाये, थे खालून नाई समजत बाबू. खालून समद्या विहिरी सारख्याच दिसते."

भाऊजी पायाखालच्या मातीकडे पाहत उभे राहिले, आणि मी पहिल्यांदाच त्यांना इतका वेळ स्थिर पाहिलं. मला भीती वाटली. मग ते माझ्याकडे वळले.

"जानराव, राहू दे थे. पाइप काहाड."

"भाऊजी, बिसाहूची भेंडी तोडणीला आली हाये. समद्याईच्या पाळ्या लागल्या. आता पाइप काढला त उन्हाळा गेला, अन् इंजिनाचा पैसाही गेला."

"मले समजते थे. काहाड."

मी भांडलो. खोटं कशाला सांगू, सगळ्यांसमोर नाही नाही ते बोललो. एका म्हातारीच्या हट्टापायी वर्षभराची कमाई बुडवता, लोकांची पिकं जाळता, वेडे आहात, असं सगळं. बोलत होतो आणि हातानं नट सैल करत होतो. पाइप वर ओढला, फूट व्हॉल्वमधून पाणी गळत गळत संपलं. भाऊजींनी वर जाऊन बादलीचा दोर चंपाच्या हातून घेतला, चौथऱ्याखाली उतरले आणि तो मायपुढं धरला. भीमाबाईनं तो घेतला, पण स्वतः नाही वापरला. रांगेतून पुढं गेली आणि बुधियारीनच्या हातात दिला. मग दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून चौथऱ्यावर चढल्या.

त्या उन्हाळ्यात बिसाहूची अर्धी भेंडी वाळली. त्यानं आमच्याच विहिरीवर दुसरा टेडा लावला, उरलेली अर्धी त्यावर जगवली, आणि तो आमच्याशी बोलायचा बंद झाला नाही, हा त्याचा मोठेपणा. इतर दोघं बोलायचे बंद झाले. इंजिन आता फक्त धानाच्या वेळी, विहीर भरलेली असली आणि पावसानं ओढ दिली तरच निघतं. चार दिवस चालतं, थोडंबहुत कमावतं, बाकी वर्षभर ताडपत्रीखाली. त्याची किंमत कधी निघाली नाही. चंपाच्या पाटल्या अजून झाल्या नाहीत. कारखान्यातले लोक जमीन घ्यायचा विचार करतात आणि मला विचारायला येतात, एवढ्याशा रानावर इंजिन परवडतं का? मी सरळ सांगतो, एकट्याला नाही परवडत. चौघांत परवडतं, पण मग चौघांना पाळीनं उभं करावं लागतं, ते कोण कसं करतं त्यावर आहे. एवढं सांगून मी त्यांना चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

भीमाबाई खुर्सीपारच्या नळावर अजूनही सगळ्यांत शेवटी उभी राहते. तिची ती सवय काही सुटली नाही, आता सुटायचीही नाही. भाऊजी तिला पुढं हो म्हणत नाहीत. ड्यूटी नसली की हातात एक रिकामी बादली घेऊन नळावर जातात आणि तिच्या मागं जाऊन उभे राहतात, म्हणजे ती शेवटची राहत नाही. नंबर लागेपर्यंत तिथंच उभे असतात, पाय न हलवता.